मेडिकलवाली

आमच्या घरात ‘मेडिकल’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जायचा आणि कुठला अर्थ घ्यायचा ते आईच्या आवाजावरून ओळखावं लागायचं. ‘मेडिकलला गेली’ म्हणजे डॉक्टर व्हायला गेली. हे म्हणताना आईची पाठ ताठ व्हायची. ‘मेडिकलमध्ये बसली’ म्हणजे औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी राहिली. हे ती नाकातून म्हणायची. नागपूरला तिला स्वतःला मेडिकलला जायचं होतं. थोडक्या मार्कांनी हुकलं, फार्मसीला प्रवेश मिळाला आणि पदवी घेऊन ती लग्नापर्यंत एका मेडिकलमध्ये बसली. दुकानाच्या वरच्या मजल्यावर दवाखाना होता. तिथला डॉक्टर बारावीला तिच्याच वर्गात होता, तिच्या मागच्या बाकावर. तो जिन्यातून हाक मारायचा, “ए मेडिकलवाली, ते सिरप वर पाठव.” नाव माहीत असून. ही हकिकत आईने मला कितीदा ऐकवली त्याला सुमार नाही, पण ती ऐकवताना ती कधी रडली नाही. बोलून झालं की नुसती माझ्याकडे बघत राहायची, जणू जिन्याखाली मी उभी होते.

बाबा आयटीत. त्यांच्या नोकरीमुळे आम्ही नेदरलँड्सला आलो तेव्हा मी इतकी लहान होते की नागपूरचं मला उन्हाशिवाय काही आठवत नाही. घर आल्मेरेला घेतलं, कारण तिथे तेवढ्याच पैशांत एक खोली जास्त मिळत होती आणि ती खोली माझ्या अभ्यासाची असं आईने घर बघतानाच ठरवून टाकलं होतं. बाबा सकाळच्या गाडीने ॲम्स्टरडॅमला जायचे. आईची फार्मसीची पदवी इथे चालत नव्हती. आधी डच भाषा, मग पुन्हा कॉलेज, मग परीक्षा. ते तिने केलं नाही. “एकदा मेडिकलवाली झाले, पुन्हा तेच व्हायला शिकू?” असं तिचं म्हणणं. ती बाडहूव्हडॉर्पला विमानतळाच्या मालाच्या गोदामात कामाला लागली. खोकी बांधायची. त्यातल्या कित्येक खोक्यांत औषधं असायची आणि त्यांवरची नावं तिला पाठ होती. घरीसुद्धा ती चिकटपट्टी दातांनी तोडायची. तो टर्रकन आवाज माझ्या लहानपणाच्या सगळ्या संध्याकाळींत आहे.

दुसरा आवाज भाकरीचा. आई भाकरी थापायची आणि मी ओट्याला टेकून हाडांची नावं म्हणायचे. थापेच्या तालात. पुढे पुढे हाडं संपली, मग नसा आल्या, मग ग्रंथी. चुकलं की थाप थांबायची. जेवताना वरणाचा डाव माझ्या ताटावर हवेत धरून ती एखादा प्रश्न टाकायची आणि उत्तर बरोबर येईपर्यंत डाव तिथेच. बाबा खाली मान घालून जेवत राहायचे. मी वैतागून डचमध्ये काहीतरी पुटपुटले तर म्हणायची, “मराठीत बोल. हरायचंच असेल तर मराठीत हर.” चपलांच्या कपाटावर माझा एक फोटो होता. सहा-सात वर्षांची मी, इथल्या कार्निव्हलच्या दुकानातून आणलेला पांढरा कोट, गळ्यात प्लॅस्टिकचा स्टेथोस्कोप. जीवशास्त्रात कमी मार्क पडले की आई तो फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवायची. पुढच्या परीक्षेपर्यंत येणाराजाणारा विचारायचा, हा फोटो उलटा का? आई हसून सांगायची, “तिलाच विचारा.” आणि मी सांगायचे. सांगावं लागायचं.

ती वाईट बाई होती असं लिहून मोकळं होणं सोपं आहे. पण तापात ती माझ्या उशाशी बसून राहायची, वडाभात माझ्यासाठी वेगळा कमी तिखट करायची, शाळेतल्या एका मास्तरीणबाईंनी मला खालच्या दर्जाच्या शाखेत घालायचं म्हटलं तेव्हा तिने मोडक्यातोडक्या डचमध्ये मुख्याध्यापकांसमोर असा काही अवतार धारण केला की पुन्हा कुणी तो विषय काढला नाही. तिचं म्हणणं एकच होतं. “डॉक्टरच्या हातचं औषध घेताना कुणी आडनाव विचारत नाही. आपल्या माणसाला दुसरं काय पाहिजे?” मी म्हणायचे, इथे आडनाव कुणाला कळतं, आई? ती म्हणायची, “इथे नाही कळत. मला कळतं.”

मी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा माझ्याकडे दोन कामं होती. एक आईने लावून दिलेलं, एक मी शोधलेलं. डॉक्टरकीला इथे निवड होते. अभ्यासासोबत तुम्ही आजारी माणसांत वावरला आहात का हेही बघतात. म्हणून रविवारी मी वृद्धांच्या शुश्रूषागृहात जायचे. तिथे मी आजीआजोबांना भरवायचे, केस विंचरायचे. ते मला छळ वाटायचं असं नाही. पण त्यातल्या एक आजी माझा हात धरून विचारायच्या, “मी घरी कधी जाणार?” आणि दर रविवारी त्यांच्या डोळ्यांत तोच भरवसा असायचा की या वेळी मला उत्तर माहीत असेल. तो भरवसा मला पेलायचा नाही. घरी येताना सायकल चालवता चालवता मी मोठ्याने गाणी म्हणायचे, कानातला त्यांचा आवाज जावा म्हणून.

दुसरं काम आमच्या वस्तीतल्या आपोटेकमध्ये. आपोटेक म्हणजे इथलं औषधाचं दुकान, पण आपल्याकडच्या मेडिकलसारखं नाही. आत सगळं शांत, वाचनालयासारखं. शनिवारी मी सायकलवरून औषधं घरपोच करायचे. म्हाताऱ्यांना दिवसाच्या गोळ्या छोट्या छोट्या पाकिटांत भरून त्यांची लांबलचक पट्टी देतात, ती गुंडाळी मी न्यायचे. तिथल्या मुख्य फार्मसिस्ट बाईंचं नाव अनेके. उंच, कमी बोलणाऱ्या. एकदा त्यांनी मला मागच्या खोलीत बोलावून खलात मलम घोटायला दिलं. चिकट पिवळा गोळा आणि पांढरी भुकटी. “भुकटी दिसेनाशी झाली की झालं असं समजू नकोस,” त्या म्हणाल्या, “त्यानंतरही घोट.” मी घोटत राहिले. कुणी माझा हात धरला नाही, कुणी काही विचारलं नाही, आणि तरीही ते मलम कुणाच्या तरी सोलवटलेल्या कातडीवर जाणार होतं. मला वाटलं, हे मला जमेल. माणसांचं बरं होणं मला हवं होतं, पण त्यांच्या बिछान्यापासून चार हात दूर उभं राहून. आजवर अनेकांनी मला विचारलं की डॉक्टरकी सोडून तू औषधशास्त्राकडे का गेलीस, आणि मी दर वेळी काहीतरी भारदस्त उत्तर दिलं. खरं उत्तर हे एवढंच आहे.

मी दोन्हीकडे अर्ज केला. डॉक्टरकीसाठी ॲम्स्टरडॅमला आणि, आईला न सांगता, औषधशास्त्रासाठी ग्रोनिंगेनला. ग्रोनिंगेन का, तर हा विषय शिकवणाऱ्या गावांत नकाशावर तेच आल्मेरेपासून सगळ्यात लांब होतं. एप्रिलमध्ये निकाल आला. डॉक्टरकीच्या निवडीत माझा क्रमांक इतका वरचा होता की जागा पक्की होती; फक्त ठरलेल्या मुदतीत ‘स्वीकारते’ म्हणून बटण दाबायचं. आईने स्क्रीनवर तो आकडा पाहिला आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर खुर्चीत बसली. बसलीच. गॅसवर दूध उतू गेलं तरी उठली नाही.

“दाब,” ती म्हणाली.

“दाबेन. अजून दिवस आहेत.”

“दिवस कशाला पाहिजेत?”

तेव्हा मी सांगितलं. ग्रोनिंगेनचं, मलमाचं, आजींचं, सगळं. आई ऐकून घेत होती. बाबा दारात कोट घातलेलेच उभे होते. माझं बोलून झाल्यावर आई उठली, सांडलेलं दूध पुसलं, फडकं पिळलं आणि शांतपणे म्हणाली, “गोळ्या वाटत फिरतेस म्हणून डोकं फिरलंय. ते आधी बंद करू.”

मला वाटलं, ती मला कामावर जाऊ देणार नाही. तेवढंच.

माझ्या शनिवारच्या फेरीत एक घर वंदनाकाकूंचं होतं. आल्मेरेतल्या आमच्या पाचपन्नास मराठी माणसांत त्यांना सगळे ओळखायचे, कारण त्या गायच्या. कुठलाही कार्यक्रम असो, त्रिसरण-पंचशील झालं की सगळे त्यांच्याकडे बघायचे आणि त्या ओढणी सावरून, डोळे मिटून सुरुवात करायच्या. त्यांचे यजमान प्रशांतकाका बाबांच्याच क्षेत्रातले. एक लहान मुलगी, मीरा. काकूंचं औषध शनिवारीच द्यायचं असं ठरलेलं होतं, कारण त्या वेळी प्रशांतकाका मीराला पोहण्याच्या शिकवणीला घेऊन जायचे. पहिल्यांदा दार उघडून मला बघितलं तेव्हा काकूंचा चेहरा पडला. पिशवी घेऊन त्या छातीशी धरून उभ्या राहिल्या.

“तुला माहितीय यात काय आहे?”

“नाही, काकू. पिशवी बंद असते.”

“पण कळेलच ना तुला कधीतरी.” मग जरा थांबून म्हणाल्या, “मीरा झाल्यापासून मला बरं नाहीये. प्रशांतला हे चालत नाही. तो म्हणतो ध्यान कर. मी ध्यानही करते गं. पण गोळ्यांशिवाय मला सकाळी उठताच येत नाही.”

मी म्हटलं, “मी कुणाला सांगायचा प्रश्नच येत नाही, काकू. माझं कामच ते आहे.” अठराव्या वर्षी हे वाक्य म्हणताना मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं. त्यानंतर प्रत्येक शनिवारी त्या मला दारातच एक खजूर किंवा चिक्कीचा तुकडा द्यायच्या, आणि मी तो पुढच्या घरापर्यंत चघळत जायचे.

निकालानंतरच्या शनिवारी गारा पडल्या. बोटं सुन्न झाली, मोजे भिजले, म्हणून मी फेरी अर्ध्यावर सोडून घरी आले, कपडे बदलायला. औषधांची मोठी पिशवी दाराशी ठेवली आणि वर गेले. खाली आले तर आई म्हणाली, “गरम भात आहे, दोन घास खाऊन जा.” निकालापासून ती माझ्याशी बोलली नव्हती. मला इतकं बरं वाटलं की मी बसून पोटभर जेवले. तिने तूपही वाढलं. मग मी पिशवी उचलून निघाले.

दुसऱ्याच दिवशी जयंतीचा कार्यक्रम होता. वस्तीच्या समाजमंदिरात हॉल घेतलेला, निळे झेंडे, लहान मुलं मोज्यांवर घसरगुंडी खेळत होती. वंदनाकाकूंनी पंचशील म्हटलं, सगळ्यांनी मागोमाग म्हटलं. खोटं बोलणार नाही, तेही म्हटलं. मग काकू गायल्या. त्या दिवशी त्यांचा आवाज लागला होता. जर्मनीहून आलेले एक पाहुणे डोळे पुसत होते. टाळ्या झाल्या, माणसं जेवणाच्या टेबलाकडे वळली. आई वाढायला उभी होती. पाटवडीचा रस्सा तिच्याकडे. मी भाताकडे. काकू ताट घेऊन आल्या, त्यांच्या मागे प्रशांतकाका, त्यांच्या कडेवर मीरा.

आईने डाव भरला आणि मोठ्याने, अगदी मायेच्या स्वरात म्हणाली, “वंदना, काय गायलीस! कोण म्हणेल हिला नैराश्य आहे? त्या गोळ्यांनी चांगलाच फरक पडलेला दिसतोय. डोसही चांगला मोठा आहे ना तुझा?”

आजूबाजूच्या दोन-तीन बायका बोलायच्या थांबल्या, मग त्यांच्या मागच्या. असं करत करत हॉल गप्प झाला. नुसत्या मुलांच्या घसरण्याचा आवाज. काकूंचं ताट पुढे धरलेलं तसंच होतं आणि आईने त्यात रस्सा वाढला, वर तर्री घातली.

प्रशांतकाका म्हणाले, “कुठल्या गोळ्या?”

“अगोबाई,” आई म्हणाली, “तुम्हाला माहीत नाही? मग जाऊ दे. आमच्या हिच्याकडूनच येतात ना घरी, म्हणून मला वाटलं.”

सगळे माझ्याकडे वळले. काकूंनीही माझ्याकडे पाहिलं. राग असता तर मला सोसला असता. त्यांनी नुसतं पाहिलं, एकदा, आणि ताट टेबलावर ठेवून मीराला काकांच्या कडेवरून घेतलं. मी म्हणाले, “काकू, मी नाही—” पण त्या बूट घालत होत्या. मीरा विचारत होती, डचमध्ये, आपण जेवणार नाही का?

आई खोटं बोलली नव्हती. एक शब्दही नाही. हे मी नंतर पुष्कळदा मनात घोळवलं. पंचशील म्हणून झाल्यावर अर्ध्या तासात तिने जे केलं त्यात पंचशीलाचा कुठला नियम मोडला हे मला कुणाला सांगता आलं नसतं.

घरी आल्यावर मी विचारलं, “पिशवी उघडलीस तू?”

“उघडली.” ती भांडी लावत होती. “मी शिकले आहे, गोळी बघून मला कळतं. पुन्हा नीट बंदही केली. तुला तरी कळलं का?”

“का, आई?”

“आता जा तुझ्या मेडिकलमध्ये. घेतात का बघ.”

“आणि काकू? काकूंनी काय केलं होतं?”

आईने हातातलं पातेलं ठेवलं. “काही नाही केलं. त्या मुलाने जिन्यातून हाक मारली तेव्हा मी तरी काय केलं होतं? तुला डॉक्टर करण्यासाठी एक वंदना काय, सगळं आल्मेरे रडलं तरी मला चालेल.”

बाबा वर्तमानपत्र वाचत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पान उलटलं.

प्रशांतकाकांनी आपोटेकमध्ये तक्रार केली. अनेकेबाईंनी मला शाळा सुटल्यावर बोलावून घेतलं, मागच्या छोट्या खोलीत बसवलं, कॉफी दिली. “तू सांगितलंस?” “नाही.” “मग?” मी खरं ते सांगितलं. गारा, मोजे, भात, आई. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग म्हणाल्या, “म्हणजे पिशवी तुझ्या नजरेआड होती.” मी म्हटलं, माझी आई होती ती. त्या म्हणाल्या, “आई असो की चोर, त्या बाईंसाठी ते एकच.” त्यांनी माझं दुकानाचं जाकीट मागितलं. मी ते तिथेच काढून दिलं आणि नुसत्या स्वेटरवर सायकल चालवत घरी आले. त्यांच्यावर मी कधी रागावले नाही. आज माझ्या हाताखाली माणसं आहेत आणि अशी वेळ आली तर मीही जाकीट मागेन.

काकूंच्या घरी मी गेले. दार काकांनी उघडलं, पूर्ण नाही, खांद्याएवढं. “ती झोपली आहे,” ते म्हणाले. मी म्हटलं, काका, मी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि त्यांच्या गोळ्या एकदम थांबवू नका, त्याने फार त्रास होतो. “तू मला औषधं शिकवू नकोस,” ते म्हणाले आणि दार लावून घेतलं. पुढच्याच आठवड्यात कळलं की काकूंना नागपूरला माहेरी पाठवलं आहे. ‘विश्रांतीला’ हा शब्द वापरला गेला. मीरा इथेच, शाळा बुडेल म्हणून. ती मुलगी सकाळी काकांच्या सायकलवर मागे बसून जाताना मला दिसायची, केस कुणीतरी भलत्याच बाजूला बांधलेले. काकू परत आल्या नाहीत. त्यांचं पुढे काय झालं ते मला वेगवेगळ्या तोंडून वेगवेगळं ऐकायला मिळालं आणि त्यातलं कुठलंच इथे लिहायची माझी हिंमत नाही.

स्वीकारण्याची मुदत संपायच्या दिवशी आई गोदामातून आली ती चपला न काढताच माझ्या खोलीत. “दाबलंस?”

“दाबलं,” मी म्हटलं.

तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात थंडगार होता आणि त्याला चिकटपट्टीच्या गोंदाचा वास येत होता. “झालं,” ती म्हणाली, “आता माझी कुणाबद्दल तक्रार नाही.” मी स्क्रीनकडे बघत बसले. मी काहीच दाबलं नव्हतं. त्या संध्याकाळी माझी जागा माझ्यामागच्या कुणाला तरी गेली. ग्रोनिंगेनला मी आधीच होकार कळवला होता.

आईला जेवण द्यायचं होतं. बाबा म्हणाले, “अगं, तिची शालान्त परीक्षा तर होऊ दे.” “परीक्षा काय, ती होणारच,” आई म्हणाली. तिने सगळ्यांना बोलावलं. त्या दिवशी हॉलमध्ये असलेले जवळजवळ सगळे. ते आलेही. मला त्याचं तेव्हा आश्चर्य वाटलं होतं, आता वाटत नाही. माणसं सावजीच्या वासाला येतात आणि शिवाय ज्या घरी काहीतरी घडलेलं असतं त्या घरात डोकावायला त्यांना आवडतं. आईने दोन दिवस मसाला भाजला. मोरपंखी साडी नेसली. माझा तो कोटातला फोटो कपाटावरून आणून टेबलाच्या मधोमध ठेवला. सगळे बसल्यावर ती उभी राहिली, पदर खोचला आणि म्हणाली, “आमच्या घराण्यातली पहिली डॉक्टर. मी नाही झाले, ही झाली.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, “डॉक्टरीणबाई, दोन शब्द बोला.”

मी उभी राहिले. मी मराठीत बोलले, एकही डच शब्द येऊ न देता, कारण मला ते तिच्या भाषेत हवं होतं.

“मी डॉक्टर होणार नाही. मी ती जागा घेतलीच नाही, मुदत संपून गेली, आता ती मिळणारही नाही. मी फार्मसीला चालले आहे. आणि वंदनाकाकूंचं औषध मी कुणाला सांगितलं नव्हतं. आईने माझ्या पिशवीतून त्यांची पुडी उघडून पाहिली आणि मला कामावरून काढावं म्हणून तुमच्या सगळ्यांसमोर ते बोलली. तिने मला स्वतः सांगितलं आहे. विचारा तिला.”

कुणी विचारलं नाही. एक मावशी हातातला घास ताटात ठेवून चमच्याने तो इकडेतिकडे करत बसल्या. आईचा चेहरा मी तेव्हा नीट पाहिला. तो पडला नाही, लाल झाला नाही. फक्त एखाद्या खोलीतला दिवा मालवल्यासारखा त्यातून कुणीतरी निघून गेलं. मग ती म्हणाली, “घ्या ना, रस्सा घ्या. गार होतोय.” आणि तिने वाढायला सुरुवात केली. ती प्रत्येकापाशी गेली, प्रत्येकाला आग्रह केला. लोकांनी मुकाट्याने खाल्लं आणि एकेक करून मुलांच्या झोपेची कारणं सांगत निघून गेले. त्यानंतर आमच्या घरी मराठी माणूस फारसा आला नाही. आईला कुणी वाढायला उभं केलं नाही. तिने कार्यक्रमांना जाणं सोडलं, आणि जिन्याखाली उभी असलेली ती मेडिकलवाली पुन्हा एकदा एकटी पडली, या वेळी मी पाडली म्हणून. मला त्याचा पश्चात्ताप झाला असं वाचणाऱ्याला वाटत असेल. नाही झाला. काकूंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं होतं, आणि ते पाहणं मला कुठेतरी परत करायचं होतं. जिथे करायला हवं होतं तिथे केलं.

उन्हाळा संपता संपता बाबांनी मला गाडीने ग्रोनिंगेनला सोडलं. निघताना आई गोदामात होती. वाटेत बराच वेळ पवनचक्क्या आणि गायी बघत गेल्यावर बाबा म्हणाले, “मला तरी आधी सांगायचंस.”

“सांगितलं असतं तर तुम्ही आईला सांगितलं असतं.”

“हो,” ते म्हणाले, “सांगितलं असतं.” पुढे आम्ही रेडिओ लावला.

शरदाच्या सुट्टीत मी पहिल्यांदा घरी आले. माझी किल्ली दाराला लागेना, म्हणून बेल वाजवली. एका अनोळखी मुलाने दार उघडलं. पुण्याहून नुकताच आलेला, आयटीतला, आईने त्याला माझी खोली राहायला दिली होती. “काकू, कोणीतरी आलंय,” त्याने आत हाक दिली. माझी पुस्तकं, कपडे, सगळं खोक्यांत भरून जिन्याखाली ठेवलेलं होतं. फार सुंदर बांधली होती ती खोकी, कडा नीट दुमडून, पट्टी कुठेही सुरकुतलेली नाही.

आई स्वयंपाकघरातून आली. थोडी बारीक झाली होती. पदराला हात पुसत तिने माझ्याकडे पाहिलं, बाहेरच्या खोलीतली खुर्ची पुढे सरकवली आणि अतिशय सौजन्याने म्हणाली, “या ना. बसा. प्रवास नीट झाला ना तुमचा?”

मला वाटलं, मागे बाबा आले असतील. मी वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

“आई,” मी म्हटलं.

“चहा टाकते,” ती म्हणाली. “साखर किती घेता तुम्ही?”

त्याला आता इतकी वर्षं झाली. बाबा गेले, तो पुण्याचा मुलगा लग्न करून ब्रेडाला गेला, आईचे गुडघे गेले. मी महिन्यातून एकदा तिच्याकडे जाते, तिच्या गोळ्या लावून देते. ती प्रत्येक गोळी हातात घेऊन नाव वाचते, मान हलवते, आणि निघताना दारापर्यंत येऊन म्हणते, “सांभाळून जा हं तुम्ही.” एकदाही चुकून ‘तू’ म्हणालेली नाही.